रडताना जांघेत येणारी आणि निजल्यावर नाहीशी होणारी गाठ

अबोली (डिचोली) – सोमवार, रात्री ११.१०

नमस्कार. थोडी घाबरलेली आहे, त्यामुळे लिहिण्यात विस्कळीतपणा असेल, सांभाळून घ्या.

आमचा बाबू दोन वर्षं नऊ महिन्यांचा. गेल्या बुधवारी आंघोळ नको म्हणून जोरजोरात रडत होता, तेव्हा उजव्या बाजूला, पोट आणि मांडी जिथे मिळते तिथे, लहान लिंबाएवढा फुगवटा दिसला. हात लावला तर मऊ लागला. टॉवेलात गुंडाळून खांद्यावर घेतला, शांत झाला. कपडे घालायला खाली ठेवला तर तिथे काहीच नाही. मला वाटलं, मला भास झाला.

शुक्रवारी शी करताना कुंथत होता तेव्हा परत आला, आणि या वेळी खाली अंडकोषापर्यंत उतरलेला. सासूबाईंनीही पाहिलं. त्या म्हणाल्या, "रडटा तेन्ना दिसता, न्हिदलो काय ना जाता. वारो आसतलो." (निजला की जाते, वारा म्हणजे गॅस असेल.) शनिवारी गावातल्या एका दवाखान्यात नेलं. तिथे तो शांत बसला होता, त्यामुळे गाठ दिसलीच नाही. डॉक्टरांनी पोटावर हात फिरवला, गॅस आहे, मोठा झाला की जाईल म्हणाले आणि थेंब लिहून दिले.

हा हर्निया असेल का? मोठा झाल्यावर आपोआप जातो का? ऑपरेशन लागलंच तर एवढ्या लहान मुलाला भूल देतात का? पुढच्या महिन्यात चवथ आहे, घरी गणपती असतो, पन्नास माणसं येतात. तोवर थांबलं तर चालेल का?

आणखी एक, जे घरी कुणाला बोलले नाही. मी त्याला फार रडू दिलं, लगेच उचलून घेतलं नाही, म्हणून हे झालं असेल का?

सुरंगी (म्हापसा) – सोमवार, रात्री ११.५२

अबोली बाय, शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, म्हणजे तुला आज झोप लागेल. नाही. तुझ्या रडू देण्याने काहीही झालेलं नाही. ती वाट तो जन्मला तेव्हापासून उघडी आहे. रडण्याने ती फक्त दिसली.

मी मुलांच्या शस्त्रक्रियेच्या वॉर्डात वीस वर्षांहून जास्त परिचारिका होते. मी डॉक्टर नव्हे, निदान मी करणार नाही. पण तू लिहिलंस तशीच हकीकत मी किती आयांच्या तोंडून ऐकली याची गणती नाही. रडताना येते, निजल्यावर जाते, मऊ असते, कधी खाली अंडकोषात उतरते. हे ऐकलं की आमच्या सर्जनबाई अर्धा केसपेपर तिथेच लिहून काढायच्या.

होतं काय ते सांगते. मुलगा पोटात असताना त्याचे वृषण आधी पोटातच, मूत्रपिंडांच्या जवळ असतात. सातव्या महिन्यापासून ते खाली सरकून जांघेतल्या बोगद्यातून अंडकोषात येतात. येताना पोटाच्या आतल्या अस्तराची एक बारीक नळी सोबत ओढत आणतात. वृषण जागेवर पोहोचले की साधारण जन्माच्या आसपास ही नळी मिटते. काहींची मिटत नाही. उघडी राहिलेली वाट अगदी अरुंद असेल तर पोटातलं पाणीच तेवढं झिरपतं, त्याला हायड्रोसील म्हणतात. रुंद असेल तर आतडं उतरतं, तो हर्निया. आपल्या जुन्या माणसांचा शब्द अंतर्गळ, तो याला अगदी चपखल आहे.

पूर्ण दिवसांच्या मुलांत शंभरात एक ते पाच जणांना हा होतो. मुलांना मुलींपेक्षा कितीतरी जास्त, आणि उजवीकडे जास्त, कारण उजवा वृषण उशिरा उतरतो. दोन्ही बाजूंना असणारेही शंभरात दहाएक असतात.

आता महत्त्वाचं. हा आपोआप बरा होत नाही. थेंबांनी नाही, मालिशीने नाही, पट्ट्याने नाही. इलाज एकच, शस्त्रक्रिया. आणि चवथीसाठी थांबू नकोस. उद्या नसेल जमत तर परवा, पण याच आठवड्यात लहान मुलांच्या सर्जनकडे ने. पेडियाट्रिक सर्जन असं विचारूनच जा. बालरोगतज्ज्ञ वेगळे, मोठ्यांचे सर्जन वेगळे.

जाण्याआधी एक काम कर. परत गाठ आली की मोबाइलवर फोटो काढ, दोन्ही बाजू दिसतील असा. दवाखान्यात मूल शांत असतं आणि गाठ लपते, तुझ्याबाबतीत झालं तसं. मग आईचं सांगणं एका कानाने ऐकलं जातं. फोटो असला की प्रश्न मिटतो.

मांडवीकाठ (चोडण) – मंगळवार, सकाळी ७.२०

सुरंगीताईंना दुजोरा. आमची जुळी मुलं बत्तिसाव्या आठवड्यात झाली, त्यातल्या एकाला दोन्हीकडे हर्निया निघाला. नळी मिटायच्या आधीच बाळ बाहेर आलं तर हे प्रमाण बरंच वाढतं, फार लवकर जन्मलेल्यांत तर तीनातल्या एकापर्यंत जातं, असं तेव्हा आम्हाला सांगितलं होतं.

अबोली, मधल्या काळात काय बघायचं हे आत्ताच सगळ्या घराला शिकवून ठेव. आम्ही बेटावर राहतो. रात्री रायबंदरला जायचं तर फेरीबोटीकडे बघत बसावं लागतं, म्हणून डॉक्टरांनी आम्हाला लिहून दिलेला कागद फ्रिजवर चिकटवला होता. त्यावर होतं: गाठ कडक झाली, हात लावू देत नाही, शांत झाल्यावरही आत जात नाही, वरची कातडी लाल किंवा जांभळट झाली, उलटी झाली (हिरवी असेल तर एक मिनिटही नाही), पोट फुगलं. यातलं एक जरी दिसलं तरी निघायचं, आणि निघताना तोंडाने काही द्यायचं नाही, अंगावरचं दूधसुद्धा नाही, कारण पोहोचल्यावर भूल द्यावी लागू शकते.

हे शेवटचं कुणाला पटत नाही. रडणाऱ्या बाळाला पाजू नको म्हणजे काय, असं माझ्या आईने दहा वेळा विचारलं.

पेडण्याचा काका – मंगळवार, सकाळी ९.०५

मुलांनो, घाई करायला नको असं माझं मत. माझ्या धाकट्या भावाची बेंबी अशीच फुगायची, आईने त्यावर रुपया ठेवून कापडी पट्टा बांधला, वर्षा-दोन वर्षांत गेली. आमच्या वाड्यावर निदान चार मुलांचं असं पाहिलं आहे. जांघेतल्या गाठीलाही लंगोट घट्ट बांधत असत. मला स्वतःला साठीला हर्निया झाला तेव्हा जाळी बसवली, त्यानंतर सहा महिने ओढल्यासारखं होत होतं. तीन वर्षांच्या मुलाला जाळी बसवायची हे मनाला बरं वाटत नाही.

सुरंगी – मंगळवार, सकाळी १०.३०

काका, तुम्ही पाहिलं ते खरं आहे, पण तो वेगळा हर्निया. याच गल्लतीमुळे पोरांचे हाल होतात, म्हणून सविस्तर लिहिते.

बेंबीचा हर्निया बहुतेक मुलांत तिसऱ्या ते पाचव्या वर्षापर्यंत आपोआप मिटतो. बेंबीखालचं छिद्र वाढीबरोबर आवळत जातं. तुमच्या भावाचं रुपयाने नाही, वयाने बरं झालं. रुपया नसता तरी झालं असतं. तिथे आतडं अडकणंही क्वचित. म्हणून तिथे वाट पाहणं हाच इलाज असतो, आणि रुपयाने उलट कातडी सोलते, घाम साचून जखम होते. मी पावसाळ्यात अशा चिघळलेल्या बेंब्या पाहिल्या आहेत.

जांघेतलं तसं नाही. तिथली वाट मिटण्याची वेळ निघून गेलेली असते. आणि बोगदा अरुंद, त्यामुळे उतरलेलं आतडं तिथे आवळलं जाऊ शकतं. लंगोट घट्ट बांधला तर आतडं बाहेर असतानाच दाबलं जातं, आणि गाठ झाकली गेल्याने कडक झाली तरी कळत नाही. दोन्ही गोष्टी वाईट.

जाळीबद्दल: मुलांना जाळी बसवत नाहीत. मोठ्यांत पोटाची भिंत सैल झालेली असते म्हणून तिला आधार लागतो. मुलांची भिंत चांगली असते, फक्त ती पिशवी उघडी असते. जांघेच्या वळीत दोन-तीन सेंटिमीटरची चीर देतात, पिशवी शोधतात, तिला चिकटून असलेली वीर्यनलिका आणि रक्तवाहिन्या हलक्या हाताने बाजूला करतात, पिशवी वर मुळाशी बांधून टाकतात. संपलं. अनुभवी हात असला तर एका बाजूला अर्धा-पाऊण तास. नाजूक काम आहे हे खरं, लहान बाळाची ती नलिका दोऱ्याएवढी असते, म्हणूनच मी मुलांचाच सर्जन म्हणते.

पेडण्याचा काका – मंगळवार, सकाळी ११.१५

हे मला ठाऊक नव्हतं. बेंबी आणि जांघ मी एकच धरून चाललो होतो. समजावून सांगितलंत, बरं केलंत.

म्हादई (वाळपई) – मंगळवार, दुपारी ३.४०

मी सहसा लिहीत नाही, वाचतो. हा धागा वाचून लिहावंसं वाटलं.

आमचा मुलगा पाच महिन्यांचा होता. चवथीचा दुसरा दिवस, घर माणसांनी भरलेलं. त्याच्या जांघेत अधूनमधून काहीतरी येतं हे बायकोने दोन-तीनदा सांगितलं होतं, आणि मीच म्हटलं होतं, चवथ होऊ दे मग दाखवू. त्या दिवशी सकाळी नऊपासून तो रडायला लागला. दूध घेईना. घरातल्यांनी दृष्ट काढली, पोटावर हिंगाचा लेप लावला, एका काकींनी बाळकडू दिलं. प्रत्येकाने प्रेमानेच केलं. लंगोट सोडून बघायचं एवढंच कुणाला सुचलं नाही. दुपारी अडीचला त्याने हिरवी उलटी केली तेव्हा बायकोने लंगोट काढला. गाठ दगडासारखी, लालभडक.

आमच्याकडून मोठ्या हॉस्पिटलला पोहोचायला सव्वा तास लागला. तिथे त्याला झोपेचं औषध देऊन, पाय वर ठेवून, डॉक्टरांनी हळूहळू दाबून गाठ आत सारायचा प्रयत्न केला. गेली नाही. रात्री ऑपरेशन झालं. आतडं काळसर पडलं होतं, पण मोकळं करून गरम कापडाने शेकल्यावर त्याचा रंग परत आला, कापावं लागलं नाही. त्या डॉक्टरांचे उपकार विसरणार नाही.

पण त्या बाजूच्या वृषणाचा रक्तपुरवठा तेवढे तास दाबला गेला होता. सहा महिन्यांनी सोनोग्राफीत तो आक्रसलेला दिसला. दुसरा चांगला आहे, पुढे संसारात अडचण यायचं कारण नाही असं सांगतात. मुलगा आज सात वर्षांचा आहे, फुटबॉल खेळतो. त्याला अजून काही सांगितलेलं नाही. एक दिवस मला सांगावं लागेल, आणि चवथीचं कारण सांगावं लागेल.

अबोलीताई, गणपती दर वर्षी येतो.

अबोली – मंगळवार, रात्री ९.४५

म्हादईदादा, तुमचं लिहिणं मी घरी सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवलं. सासूबाई उठून देवाजवळ जाऊन बसल्या. नंतर बाहेर येऊन मला म्हणाल्या, "फाल्यांच व्हर ताका." (उद्याच ने त्याला.)

परवाची वेळ घेतली आहे. आज संध्याकाळी गाठ आली तेव्हा फोटोही काढला.

शेवंती (फोंडा) – बुधवार, दुपारी १२.१०

इथे सगळे मुलग्यांबद्दल लिहितात म्हणून मुलींचं लिहिते, कारण मुलींना हे होतं हेच अनेकांना माहीत नसतं.

माझी लेक चार महिन्यांची असताना जांघेत, योनीच्या ओठाच्या किंचित वर, बदामाएवढी गाठ लागली. रडली काय, निजली काय, तशीच. दुखत नव्हती. बोटाने थोडी इकडेतिकडे सरकायची. एका ठिकाणी अवधाण (जांघेतली सुजलेली ग्रंथी) आहे, जाईल म्हणाले आणि आठवडाभर औषध दिलं. गेली नाही. मग सोनोग्राफी केली तर तिचं बीजकोश (ओव्हरी) त्या वाटेने बाहेर उतरलेलं. मुलींतही तशीच नळी असते, ती उघडी राहिली की आतड्याऐवजी बऱ्याचदा बीजकोश उतरतं.

सर्जनने दोन गोष्टी निक्षून सांगितल्या. ही गाठ दाबून आत ढकलायचा प्रयत्न घरी अजिबात करू नका. आणि दुखत नाही म्हणून लांबवू नका, कारण बाहेर अडकलेल्या बीजकोशाला पीळ पडू शकतो. चार दिवसांत ऑपरेशन झालं, बीजकोश निरोगी होतं, आत नीट परत ठेवलं. मुलींच्या हर्नियात, विशेषतः दोन्ही बाजूंना असेल तर, फार क्वचित एक संप्रेरकांचा जन्मजात दोष निघतो, म्हणून आतले अवयव पाहून घेतात हेही त्यांनी आधी समजावलं. आमच्या बाबतीत सगळं व्यवस्थित होतं. हे आधी सांगितलं म्हणून बरं वाटलं, लपवून तपासलं असतं तर राग आला असता.

खाजें – बुधवार, सायंकाळी ६.३०

माझ्या पुतण्याला (दहा महिने) एका बाजूला अंडकोष मोठा दिसतो, पण तो सकाळ-संध्याकाळ सारखाच. वहिनीने मोबाइलची टॉर्च लावून पाहिली, लाल उजेड आरपार दिसतो. म्हणजे पाणीच, हर्निया नाही, असं धरायचं का?

सुरंगी – बुधवार, रात्री ८.००

टॉर्चवर विसंबू नका. मोठ्या मुलात ठीक आहे, पण तान्ह्या बाळाच्या आतड्याची भिंत इतकी पातळ असते की त्यातूनही उजेड जातो. सारखाच राहतो, मऊ आहे, वर जांघेत फुगवटा नाही, या गोष्टी पाण्याच्या बाजूने आहेत. पाणी असेल तर बहुतेकदा वर्ष-दोन वर्षांत जिरतं, तोवर थांबतात. पण ते पाणीच आहे हे एकदा डॉक्टरांच्या हाताने ठरू दे. दोन्ही वृषण खाली आले आहेत का हेही त्याच वेळी पाहतील. जांघेत राहिलेला वृषण आणि हर्निया पुष्कळदा जोडीने असतात.

अबोली – गुरुवार, रात्री १०.२०

आज दाखवून आलो.

सर्जनबाईंनी आधी बाबूशी गप्पा मारल्या, मग त्याला फुगा फुगवायला दिला. फुंकर मारताना त्याचं पोट ताणलं गेलं आणि गाठ बाहेर आली! मग शांत झाल्यावर जांघेतून वृषणाकडे जाणारा पदर बोटाखाली सरकवून पाहिला. म्हणाल्या, रिकामी पिशवी असली तरी कळते, रेशमी कापडाचे दोन थर एकमेकांवर घासतात तसं लागतं. त्यांनी माझं बोट धरून दाखवलं, मला काही कळलं नाही, पण त्यांनी दाखवलं हे फार आवडलं. सोनोग्राफी सांगितली नाही, गरज नाही म्हणाल्या. निदान: उजव्या बाजूचा हर्निया. डावीकडे आज काही नाही, पण एका बाजूचं ऑपरेशन झालेल्या मुलांत शंभरात सातएक जणांना पुढे दुसऱ्या बाजूला येतो, तेव्हा लक्ष ठेवा.

तारीख पुढच्या शुक्रवारची. त्याच दिवशी घरी. दुर्बिणीने करावं का असंही विचारलं. त्या म्हणाल्या, दोन्ही पद्धती चांगल्या, दुर्बिणीत दुसरी बाजू आतून बघता येते, पण एका बाजूच्या साध्या हर्नियाला त्या छोटी चीरच पसंत करतात.

आता भुलेची भीती उरली आहे. रात्री दोन वाजता वाचत बसते की लहानपणी भूल दिली तर मेंदूवर परिणाम होतो.

रानवारा – शुक्रवार, सकाळी ६.१५

मी मूळचा फोंड्याचा, सध्या पुण्यात भूलतज्ज्ञ आहे. ही भीती दर आठवड्याला एखादी आई बोलून दाखवते, आणि ती बोलावीच.

या प्रश्नावरचा एक मोठा अभ्यास बाळांच्या जांघेतल्या हर्नियावरच झाला आहे. सात देशांतली २८ रुग्णालयं, ७२२ बाळं. अर्ध्यांना पूर्ण भूल, अर्ध्यांना जागेपणी पाठीतून कमरेखालचं बधिर करणारं इंजेक्शन. कुणाला काय द्यायचं ते चिठ्ठी काढल्यासारखं ठरवलं. भुलेचा वेळ सरासरी तासाच्या आत. पाचव्या वर्षी बुद्ध्यंक मोजला तर दोन गटांत फरक आढळला नाही. २०१९ मध्ये हे लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आलं. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१६ मध्ये इशारा दिला होता तो तीन वर्षांखालच्या मुलांना तीन तासांहून लांब किंवा पुन्हा पुन्हा भूल देण्याबद्दल. बाबूचं ते प्रकरण नाही.

पूर्ण भुलेबरोबर बहुधा पाठीच्या अगदी खालच्या टोकाला किंवा जांघेत एक बधिरतेचं इंजेक्शनही देतात, मूल झोपल्यावर. त्यामुळे जागा झाल्यावर काही तास त्याला दुखत नाही. पाय थोडे जड वाटतील, घाबरू नका.

तुमच्याकडून दोनच गोष्टी हव्यात. उपास अगदी सांगितला तेवढा. साधारणपणे जेवण आणि वरचं दूध सहा तास आधी बंद, अंगावरचं दूध चार तास, साधं पाणी दोन तास. तुमचे डॉक्टर सांगतील ते शेवटचं. आजीने कळवळून अर्धं बिस्किट दिलं असेल तर लपवू नका, आम्ही रागावणार नाही, वेळ पुढे ढकलू. भुलेत उलटी होऊन ते फुफ्फुसात जाणं हे आम्हाला सर्वात भीतीचं. दुसरं, सर्दी-खोकला-ताप असेल तर आदल्या दिवशीच कळवा.

मांडवीकाठ – शुक्रवार, सकाळी ९.००

रानवारा, कमी दिवसांच्या बाळांबद्दलही लिहाल का? आमच्या वेळी अतिदक्षता विभागातून घरी सोडण्यापूर्वीच ऑपरेशन केलं होतं. आता मैत्रिणीच्या बाळाला थांबा म्हणतात, ती गोंधळली आहे.

रानवारा – शुक्रवार, दुपारी १.३०

दोन्ही डॉक्टर आपापल्या काळात बरोबर आहेत. फार लवकर जन्मलेली बाळं भुलेनंतर कधीकधी श्वास घ्यायला विसरतात, म्हणून त्यांना एक रात्र मॉनिटरवर ठेवतात. लवकर करावं तर हा धोका, उशिरा करावं तर आतडं अडकण्याचा. २०२४ मध्ये अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष आले. त्यात घरी सोडण्याआधी शस्त्रक्रिया केलेल्या बाळांपैकी २८ टक्क्यांना काहीतरी गंभीर त्रास झाला, तर ५५ आठवडे (गर्भातले आणि जन्मानंतरचे मिळून) उलटेपर्यंत थांबलेल्यांपैकी १८ टक्क्यांना. त्यामुळे आता अशा बाळांत थांबण्याकडे कल आहे, अट एवढीच की घर हॉस्पिटलच्या टप्प्यात हवं आणि आईबापांना धोक्याची लक्षणं पाठ हवीत.

हे फक्त कमी दिवसांच्या बाळांना लागू. पूर्ण दिवसांच्या मुलाच्या आईबापांनी हे वाचून तारीख पुढे ढकलू नये. कॅनडातल्या २००८ च्या अभ्यासात लहान मुलांत निदानानंतर दोन आठवड्यांहून जास्त थांबल्यास आतडं अडकण्याचं प्रमाण दुपटीवर गेलेलं दिसलं.

अबोली – पुढचा बुधवार, सायंकाळी ७.००

बाबूला काल रात्रीपासून ताप आणि छातीत घरघर. पाऊस थांबतच नाही, अंगणवाडीतली सगळी मुलं नाक ओढत आहेत. कळवलं. शस्त्रक्रिया पुढे ढकलली, छाती पूर्ण मोकळी झाल्यावर. म्हणजे बहुधा चवथीच्या आधीचा आठवडा. खोकला आला की दर वेळी मी लंगोटात बघते. हात थरथरतो.

सुरंगी – बुधवार, रात्री ७.२५

ढकलली हे योग्यच झालं. तो खोकतो तेव्हा गाठ येणारच, येण्याला भिऊ नकोस. उचलून घे, शांत कर, आडवा निजव. मऊ आहे आणि परत जाते तोवर ठीक. शांत झाल्यावरही राहिली तर १०८ लावायचा. जोर लावून ढकलत बसायचं नाही. रात्री-बेरात्री मला निरोप कर, मी जागी असते.

अबोली – सतरा दिवसांनी, रात्री ९.१५

झालं! आज सकाळी झालं. आम्ही घरी आहोत, तो माझ्या शेजारी निजला आहे.

पहाटे चारनंतर पाणीही नाही असं सांगितलं होतं. सहाला पोदेराचा (पाववाल्याचा) भोंगा वाजला आणि हा उठून बसला, "आई, उंडो!" (पाव) रोज तोच धावत जाऊन उंडे घेतो. सासूबाईंनी डोळे पुसत पोदेराला हातानेच पुढे जा सांगितलं. तेवढा अर्धा तास सगळ्यात कठीण गेला. ऑपरेशन त्यापुढे काहीच नाही, म्हणजे माझ्यासाठी.

नवरा त्याला घेऊन थिएटरच्या दारापर्यंत गेला. पन्नास मिनिटांनी बाहेर आणला. थोडा वेळ ओळख न पटल्यासारखा रडला, मग निजला. दोन तासांनी पाणी, मग पेज. वाटीभर पेज मिठाचा खडा घालून, आणि अजून मागितली. चीर जांघेच्या वळीत, वर पारदर्शक पट्टी, टाके आपोआप विरघळणारे. पिशवी चांगलीच रुंद होती म्हणाल्या, वाट पाहिली नाहीत ते बरं.

दुखण्यासाठी वजनाप्रमाणे पॅरासिटामॉलचं औषध, पहिले दोन दिवस वेळच्या वेळी. तीन दिवस अंग पुसून घ्यायचं. अंडकोष थोडा सुजेल, तो आठवड्या-दोन आठवड्यांत उतरेल. ताप, पट्टीखालून पू, किंवा सूज वाढत गेली तर लगेच यायचं. परत हर्निया होण्याची शक्यता शंभरात एखादी.

खर्चाचंही सांगते. दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेचं कार्ड असेल तर सोबत न्या. २०१६ पासूनची योजना, पाच वर्षं गोव्यात राहणाऱ्यांना मिळते, तिघांपर्यंतच्या कुटुंबाला वर्षाला अडीच लाख, चार किंवा जास्त माणसं असतील तर चार लाखांपर्यंत. दाखल होण्याआधीच काउंटरवर दाखवा, नंतर धावपळ नको.

म्हादई – रात्री ९.४०

वाचून डोळे भरून आले. देव बरें करूं.

खाजें – दुसऱ्या दिवशी, सकाळी ८.१०

पुतण्याला दाखवलं. पाणीच आहे, दीड-दोन वर्षांचा होईपर्यंत बघू म्हणाले, सहा महिन्यांनी परत बोलावलंय. अबोलीताई, बाबू चालायला कधी लागला? आणि तीनचाकी सायकल?

अबोली – चवथीनंतर तीन दिवसांनी

चालायला? दुसऱ्या दिवशी संध्याकाळी खाटेवरून उतरून सरळ मांजरामागे गेला. मीच बस, बस करत होते. सायकल आणि मांड घालून बसायची खेळणी तीन आठवडे बंद, ती माळ्यावर ठेवली आहेत, तो रोज वर बोट दाखवतो.

आरतीला आजोबांच्या मांडीवर बसून कासाळें (झांज) वाजवलं. माणसं पन्नासच्या वर होती. सासूबाईंनी त्यातल्या तान्ही बाळं असलेल्या तीन सुनांना आतल्या खोलीत नेऊन लंगोट सोडून बघायला लावलं. एकीच्या मुलाच्या डाव्या बाजूला फुगवटा निघाला, फोटो काढून दिला आहे. ती सोमवारी दाखवायला जाते आहे, मी सोबत जाईन.